दत्तक आणलेला कुत्रा 'जमत नाहीये' असं वाटतंय? परत देण्याआधी हे क्रमानं तपासा

पुण्यात दत्तक गेलेल्या कुत्र्यांची नंतरची चौकशी मी करते. घरी फोन करायचा आणि अडचण असेल तर जाऊन बघायचं, हे माझं काम. कुत्रा घरी गेला की पहिले चार-पाच दिवस फोटो येतात. मग एका संध्याकाळी निरोप येतो: "ताई, नाही जमत आहे. परत घेऊन जाल का?" कारण प्रत्येक घरात वेगळं सांगतात. पण जाऊन बघितलं की दिनक्रमात, खाण्यात, जागेत किंवा तब्येतीत काहीतरी अडलेलं सापडतं, आणि बहुतेक वेळा ते सुटण्यासारखं असतं. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशांचं, शेवटी डॉक्टर आणि प्रशिक्षक.

एक अपवाद लक्षात ठेवा. खाली 'इथे थांबा' या भागातलं एकही लक्षण दिसत असेल तर मधलं सगळं सोडून आधी तो भाग वाचा.

लक्षणं

- पलंगाखाली, बाथरूममध्ये किंवा दारामागे जाऊन बसतो, हाक मारली तरी येत नाही.
- खात नाही, किंवा खातो आणि लगेच जुलाब होतात.
- तासभर बाहेर फिरवून आणला तरी घरात शिरल्या शिरल्या फरशीवर शू करतो.
- एकटा ठेवला की रडतो, दार ओरबाडतो, शेजारी तक्रार करतात.
- ताटलीजवळ कोणी गेलं की गुरगुरतो.
- एकाच माणसाला चिकटतो आणि बाकीच्यांवर भुंकतो.
- पहिले दोन आठवडे गुणी होता, आता 'बदललाय'.

या शेवटच्या लक्षणानं लोक सर्वांत जास्त धास्तावतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१. किती दिवस झाले ते मोजा

शेल्टरमध्ये काम करणारी माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो. ही जागा कुठली, माणसं कोण, पळायचं झालं तर कुठून, एवढंच त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याच्या अंगवळणी पडतं. दूधवाला कधी येतो, बेल वाजली की काय होतं, पट्टा हातात घेतला की कुठे जायचं, हे कळायला लागतं. हे घर आपलं आहे हे पटायला तीन महिने जातात. साखळीला बांधून वाढलेला किंवा मार खाल्लेला कुत्रा याच्या दुप्पट वेळही घेतो.

आता 'बदललाय' याबद्दल. भीतीनं गोठलेला कुत्रा शांत दिसतो. कुठे बसवाल तिथे बसतो, काही मागत नाही, आवाज करत नाही, आणि घरचे म्हणतात किती गुणी आहे. भीती ओसरली की तो भुंकतो, पट्टा ओढतो, चपला पळवतो. त्याचं मोकळं वागणं तुम्हाला आता कुठे दिसायला लागलं आहे, आणि शिकवायलाही आता सुरुवात करायची आहे. पण बदल उलट्या दिशेचा असेल, म्हणजे खेळत असलेला कुत्रा एकाएकी मलूल झाला, कोपऱ्यात जाऊन बसू लागला, हात लावू देईना झाला, तर दिवस मोजत बसू नका. ते आजाराचं लक्षण आहे, थेट नवव्या मुद्द्यावर जा.

आठवडाच झाला असेल आणि कुत्रा खातो-पितो आहे, कोणाला चावलेला नाही, तर अजून दोन आठवडे कोणताही निर्णय घेऊ नका. या एका सल्ल्यावर बरेच कुत्रे घरात टिकलेले आहेत.

२. त्याचा कोपरा आणि तुमचे हात

घरात गेल्यावर मी आधी कुत्र्याची झोपायची जागा बघते. खूप घरांत ती हॉलमध्ये, टीव्हीसमोर, येण्याजाण्याच्या वाटेवर असते. बिथरलेल्या कुत्र्याला दोन बाजूंनी भिंत लागते. तिथून दार दिसलं पाहिजे, पण दाराच्या वाटेत यायला नको. एक जुनी चादर, पाण्याचं भांडं, आणि घरातल्या सगळ्यांना एक नियम: या कोपऱ्यात तो असताना त्याला हात लावायचा नाही. स्वयंपाकघराला लागून जागा नको, कुकरच्या शिट्टीनं आणि मिक्सरनं तो दर वेळी दचकतो.

नवीन बाळ बघायला यावं तशी पहिल्या रविवारी माणसं कुत्रा बघायला येतात. त्यांना पंधरा दिवस थांबायला सांगा. आलेला प्रत्येक जण वरून वाकून, डोळ्यांत बघत, डोक्यावर हात ठेवतो, आणि घाबरलेल्या कुत्र्याला याहून मोठा धाक नाही. तुम्ही स्वतः त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा आणि त्याला येऊ द्या. आला की छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन वेळा कुरवाळा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला तर परत कुरवाळा. तिथेच थांबला, मान वळवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर त्याला सध्या नको आहे.

यापुढची पायरी गुरगुरण्याची असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका, ओरडू नका. गुरगुरून तो 'लांब राहा' म्हणतो आहे. ते बोलणं मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. 'अचानक चावला' अशा कितीतरी तक्रारींच्या मागे गुरगुरल्याबद्दल खाल्लेला मार सापडतो.

लहान मुलं असतील तर मोठं माणूस त्याच खोलीत असल्याशिवाय मूल आणि कुत्रा एकत्र नकोत. कुत्रा कितीही गरीब वाटला तरी हेच.

३. दार, पट्टा, गॅलरी

हा मुद्दा वागणुकीचा नाही, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून तो वर ठेवला आहे. नवीन कुत्रा पळतो. कचरा घ्यायला आलेल्यांसाठी दार उघडलं, तो पायांमधून निसटला, आणि त्याला ना घर माहीत ना गल्ली.

गळ्यातला पट्टा आत दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. सैल पट्ट्यातून कुत्रा मागे मागे सरकत डोकं काढून घेतो, आणि एकदा जमलं की विसरत नाही. पहिला महिना हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला आणि दोरी दोन्हींत अडकवा. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी लावा. चावीवाल्याकडे पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून मिळतो. दिवाळीत, गणपती विसर्जनाला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री खिडक्या-दारं लावून एक माणूस घरात थांबायलाच हवं. गॅलरीच्या गजांमध्ये डोकं जाईल एवढी फट असेल तर जाळी बसवून घ्या.

पळालाच, तर मागे धावू नका, हाका मारत जमाव गोळा करू नका. तो आणखी लांब जातो. रिक्षास्टँड, इस्त्रीवाला, चहाची टपरी, रात्रीचे वॉचमन यांना फोटो दाखवून नंबर द्या. बघितला तर पकडू नका, फक्त फोन करा, असं बजावून सांगा. तुमचा वापरलेला, न धुतलेला कपडा आणि थोडं खाणं तो निसटला त्या जागी ठेवा. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, जमिनीवर बसून वाट बघा. ज्यांच्याकडून त्याला आणलात त्यांना त्याच तासाला कळवा. त्याला ओळखीचा आवाज सध्या त्यांचाच आहे.

४. ताटली

पहिला दिवस, फार तर दुसरा, मोठा कुत्रा खात नाही. पाणी पीत असेल तर घाबरायचं कारण नाही. पिलांचं वेगळं आहे, ते पुढे सांगते. शेल्टरला फोन करून विचारा: तिथे काय खात होता, किती वाजता, कशात. बहुतेक ठिकाणी उकडलेलं चिकन आणि भात असतो. आठवडाभर तेच द्या. नवीन खाणं सुरू करायचं असेल तर पाव हिस्सा नवीन, पाऊण जुनं, असं करत आठवड्याभरात बदला. महागडं कोरडं खाणं पहिल्याच रात्री वाटीभर घातलं की सकाळी जुलाब होतात आणि 'याला पोटाचा आजार आहे' असा निष्कर्ष निघतो.

दूध बंद करा. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही आणि दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याची शी पातळच राहते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, साखरविरहित च्युइंगम हे त्याच्यासाठी विष आहे. मनुका लिहिताना मुद्दाम थांबले. प्रसादाच्या शिऱ्यातून त्या सहज पोटात जातात. शिजवलेली हाडंही नकोत, ती फुटून आतड्यात टोचतात.

दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी द्या. वीस मिनिटांत नाही खाल्लं तर ताटली उचला. समोर बसून भरवू नका.

ताटलीवर गुरगुरत असेल तर हात घालून ताटली काढून घेण्याचा 'सराव' ताबडतोब थांबवा. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्यानं कुत्रा आणखी बिथरतो. जो कुत्रा उपाशी राहिलेला आहे त्याला तुमचा हात म्हणजे खाणं जाणार एवढंच कळतं. त्याला उलटं शिकवायचं आहे. तो खात असताना चार पावलं लांबून चिकनचा एक तुकडा ताटलीकडे टाका आणि निघून जा. मान वर करून तो तुमची वाट बघायला लागला की अंतर एका पावलानं कमी करा. दोन-तीन आठवडे लागतात. तोवर मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

५. घरात शू

आधी हे बघा की तो कशावर शू करायला शिकला आहे. रस्त्यावर वाढलेला कुत्रा माती, गवत शोधतो आणि सहसा आठवड्याभरात शिकतो. शेल्टरच्या पिंजऱ्यात वर्ष काढलेल्या कुत्र्याच्या पायांखाली कायम सिमेंट होतं. तुमची फरशी त्याला तशीच लागते, म्हणून तासभर बागेत फिरूनही तो घरी येऊन करतो. त्याला आधी पार्किंगच्या कडेला, सिमेंट आणि माती भेटतात तिथे न्या. तिथे केली की त्याच क्षणी, त्याच जागी खाऊ द्या. घरी आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल होता ते त्याला कळत नाही.

बाहेर न्यायच्या वेळा: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, खेळ झाल्यावर, रात्री झोपण्याआधी. पिलू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिलाकडून रात्रभराची अपेक्षा करू नका.

घरात झालेली जागा फिनेलनं पुसू नका. फिनेल पंजाला लागतं, तो पंजा चाटतो, आणि ते पोटात जाणं वाईट. अमोनियाचा वास असलेली क्लीनरही नकोत, तो वास शूसारखाच असतो. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसा. नाक शूमध्ये घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं यातून एकच शिकतो: तुमच्यासमोर करायची नाही. मग बाहेर तुमच्यासमोर करत नाही आणि पलंगामागे करतो.

तुम्ही घरी आल्यावर, वाकून लाड करताना तो अंग चोरून थेंब थेंब शू करत असेल, तर ती भीतीची शू आहे. ओरडलात तर वाढेल. दारातून आत आल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मग खाली बसून बोलवा.

शिकलेला कुत्रा अचानक वारंवार शू करू लागला, जोर करतो आहे, लाल दिसते आहे, तर हा सवयीचा प्रश्न उरत नाही. डॉक्टर.

६. फिरणं

दिवसातून दोनदा, निदान अर्धा-अर्धा तास, आणि वास घेऊ द्या. पाच पावलांवर थांबून खांब हुंगणं हेच त्याचं फिरणं आहे. फरपटत नेलेल्या दोन किलोमीटरनं कुत्रा दमतो, निवत नाही. लिफ्टला घाबरत असेल तर आठवडाभर जिना वापरा आणि लिफ्टचं दार उघडं धरून तिथे खाऊ देत राहा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा. चटका बसत असेल तर त्याचे पंजेही भाजतात.

७. एकटं राहणं

जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून अर्धा तास बाहेर जा. हे केल्याशिवाय या तक्रारीवर मी काहीच सांगत नाही, कारण बाहेरून सारखी दिसणारी दोन वेगळी दुखणी आहेत.

एका रेकॉर्डिंगमध्ये कुत्रा आधी झोपतो, उठतो, फिरतो, मग सोफ्याची उशी घेऊन बसतो. हा कंटाळा आहे. फिरणं वाढवा, चघळायला द्या, खाणं ताटलीऐवजी जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला लावा. दुसऱ्यात तुम्ही कुलूप लावता आणि पाच मिनिटांत तो दाराशी येरझारा घालतो, धापा टाकतो, लाळ गळते, चौकट कुरतडतो, तुम्ही येईपर्यंत थांबत नाही. ही एकटेपणाची धास्ती आहे आणि ती खेळणं आणून जात नाही. आधी नुसती किल्ली उचलून परत ठेवायची. मग दाराबाहेर काही सेकंद. मग मिनिट. तो घाबरण्याआधी परत यायचं. तोवर शक्य तितकं त्याला एकटं ठेवायचं नाही: शेजारी, सासूबाई, दिवसाचं पाळणाघर, जे जमेल ते. काही कुत्र्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध लागतं आणि ते देण्यात कमीपणा नाही.

घरी येऊन चिंध्या झालेल्या उशीसाठी त्याला मारलं तर त्याला कारण कळत नाही. तो मान खाली घालतो ती अपराधानं नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघून.

८. घरातली माणसं, घरमालक, सोसायटी

निम्म्या वेळा कुत्र्याचं नाव पुढे करून खरी अडचण ही असते, म्हणून सरळ विचारते.

भाड्याचं घर असेल तर भाडेकरारात प्राणी ठेवायची परवानगी लिहून घेतली आहे का? तोंडी 'चालेल' अकरा महिन्यांनी बदलतं. सोसायटीचं म्हणाल तर भारतीय पशू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमतानं ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. नोटीस आली तर भांडायला जाऊ नका. अँटिरेबीज लसीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा परवाना आणि त्या सूचनांची प्रत जोडून सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. आणि तुमच्या बाजूनं: लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, शी उचला. जिन्यातल्या एका शीवरून वर्षभराचं वैर होतं.

घरात बाळ येणार म्हणून कुत्रा नको, हे कारण अजून येतं. कुत्र्याचा केस पोटात जाऊन बाळाला काही होतं यात तथ्य नाही. गरोदरपणात ज्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची भीती असते तो मांजराच्या शीतून आणि कच्च्या मांसातून येतो. कुत्र्याला लसी आणि जंताचं औषध वेळेवर द्या आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

९. डॉक्टर

इथून पैसे लागतात. 'स्वभाव' म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी इथे निघतात. डोक्यावर हात ठेवला की झडप घालतो अशी तक्रार असलेल्या एका कुत्र्याचा कान मी उलटवून बघितला. आत काळपट, ओला, आंबूस वासाचा मळ होता आणि कानाच्या मुळाशी बोट टेकलं की तो कण्हत होता. औषधाचे थेंब सुरू झाले आणि पुढच्या भेटीत त्यानं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. तसंच 'हट्टी आहे, जिना चढत नाही' म्हणतात त्या कुत्र्याचा मागचा पाय कधीकाळी गाडीखाली येऊन तसाच जुळलेला असतो.

आपल्याकडे सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो गोचीडतापाचा. कानाच्या आत, पंजाच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा. गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. हा आजार अंगात महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. दत्तक देताना कुत्रा ठणठणीत असतो आणि नंतर ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या होतात, नाकातून रक्त येतं, किंवा शू कोऱ्या चहाच्या रंगाची होते. वरचा ओठ उचलून हिरडी दाबा आणि सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, म्हणजे आपल्यासाठीचा ताप त्याच्यासाठी ठीक आहे. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट घसरलेल्या दिसतात. औषधाचा कोर्स बहुधा चार आठवड्यांचा असतो. चौथ्या दिवशी खायला लागला म्हणून गोळ्या बंद करतात आणि आजार परततो. तसं करू नका. गोचीड भिंतीच्या भेगांमध्येही राहते, म्हणून कुत्र्यासोबत घराचाही बंदोबस्त डॉक्टरांना विचारून करा.

माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचा जीव घेऊ शकतात.

पिलांसाठी पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा विषाणूचा आजार. संसर्ग झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत उलट्या आणि दुर्गंधीचे, रक्ताचे जुलाब सुरू होतात. म्हणजे आणताना उड्या मारणारं पिलू पाचव्या दिवशी मान टाकतं. कोणी फसवलं हा विचार नंतर, आधी सलाइन. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी द्यायच्या असतात. एकच टोचलेली असेल तर पिलू अजून सुरक्षित नाही, त्याला रस्त्यावर उतरवू नका. हा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलनं मरत नाही, ब्लीचनं मरतो.

खर्चाची अडचण असेल तर बहुतेक जिल्ह्यांत पशुसंवर्धन विभागाचा मोठा दवाखाना आहे, आणि परळ, नागपूर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कमी पैशांत तपासणी होते.

१०. प्रशिक्षक

तब्येत ठीक आहे, वरचं सगळं निदान महिनाभर नेटानं केलं, तरीही भीती किंवा आक्रमकपणा जात नाही, तर माणूस बोलवा. आधी त्याला एक प्रश्न विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, काटेरी पट्टा, उताणं पाडून दाबून धरणं, 'आपण मालक आहोत हे दाखवणं' असं काही आलं तर नमस्कार करून परत पाठवा. घाबरलेल्या कुत्र्यावर हे उपाय केले की नंतर आमच्याकडे तो चावरा म्हणून येतो. शिकवताना घरच्यांना सोबत बसवणारा आणि कुत्र्याला घेऊन न जाणारा प्रशिक्षक शोधा.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद, त्याच दिवशी डॉक्टर:

- पिलानं दिवसभर खाल्लं नाही, मोठ्या कुत्र्यानं दोन दिवस, किंवा कोणीही दिवसभर पाणी घेतलं नाही.
- रक्ताचे जुलाब, सतत उलट्या, पांढऱ्या हिरड्या, गडद शू.
- शूसाठी जोर करतो आणि होत नाही.
- पोट फुगून टणक झालं, ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही. यात तासांचा प्रश्न असतो.
- झटके, कोसळणं.

माणसाला चावून कातडी फुटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मिळते. रक्त आलं असेल, जखम लहान असली तरी, लसीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून तुमची टाळू नका. कुत्र्याला मारू नका, हाकलू नका. तो दहा दिवस नजरेसमोर राहायला हवा. त्याला पाणी गिळता येईना, जबडा लोंबू लागला, आवाज बदलला, मागचे पाय लटपटू लागले, तर तोंडात हात घालून 'घशात काही अडकलंय का' बघायला जाऊ नका. खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना व महापालिकेला फोन करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार उरत नाही.

घरात लहान मूल आहे आणि कुत्रा त्याला एकदा जरी चावला, तर 'बघू अजून आठवडाभर' असं करू नका. दोघांना त्याच दिवसापासून वेगळं ठेवा आणि कुत्रा जिथून आणला त्यांना कळवा. काही कुत्र्यांना मुलं नसलेलं घरच लागतं.

परत द्यायचाच असेल तर

सगळं करूनही जमलं नाही, तर परत द्या. त्याबद्दल कोणी तुम्हाला बोल लावणार नाही. पण ज्यांच्याकडून आणला त्यांच्याच हातात द्या, आणि नवीन जागा मिळेपर्यंत त्याला घरात ठेवा.

कारण दुसरा रस्ता काय असतो ते मी बघते. हायवेवर, टेकडीच्या पायथ्याशी, नसबंदी केंद्राच्या फाटकाशी कुत्रा सापडतो. नंबर कळू नये म्हणून पट्टा काढून घेतलेला असतो, पण मानेभोवती केस दबून गोल वळ राहिलेला असतो. नखं लांब असतात. डांबरावर फिरणाऱ्या कुत्र्याची नखं झिजतात, याची झिजलेली नसतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला गाडी चुकवता येत नाही, कचऱ्यातलं खाता येत नाही, आणि त्या गल्लीतले कुत्रे त्याला उभं राहू देत नाहीत. लॅब्राडोर, हस्की, सेंट बर्नार्ड सुद्धा असे सापडतात.

'शेल्टरवाले सांभाळतील' असं सोडणाऱ्याला वाटतं. शहरातली बहुतेक शेल्टरं जखमी जनावरांसाठी असतात. नसबंदी केंद्रांना तर प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. घरच्या कुत्र्याला तिथे जागा नाही. प्राण्याला उपासमार होईल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे, आणि हा दंड वाढायला हवा असं मला मनापासून वाटतं.

परत देताना लसीचं कार्ड, औषधांचे कागद, त्याची चादर द्या आणि एक पान लिहून द्या: काय खातो, किती वाजता बाहेर जातो, कोणत्या हाकेला येतो, कशाला घाबरतो, कोणाला आणि कधी चावला किंवा गुरगुरला. चावल्याचं लपवू नका, पुढच्या घरात मूल असू शकतं. आणि नवीन माणसाचा नंबर लागेपर्यंत पट्ट्यावरचा तुमचा नंबर काढू नका.